मदत हवी आहे: मिरचीच्या मलमाने वेदना नेमकी कशी कमी होते?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, बारावीला जीवशास्त्र शिकवते. आईला नागीण झाली होती. फोड सुकले, पण बरगडीवरची आग दोन महिने जात नाही. डॉक्टरांनी कॅप्सेसिनचं, म्हणजे मिरचीतल्या तिखटाचं मलम दिलंय. शेंगाचटणी कुटताना हात चुरचुरतात ना, तीच जात! लावताना आई पदर दातांत धरते, बघवत नाही.

मला एवढं माहीत आहे: वेदनेच्या तंतूंत सबस्टन्स पी हे ११ अमिनो आम्लांचं न्यूरोपेप्टाइड (वेदनेचा निरोप पुढे देणारा छोटा प्रथिनासारखा रेणू) असतं, १९३१ साली सापडलेलं. ते पेशीच्या मुख्य भागात तयार होतं आणि इवल्या पिशव्यांत भरून ॲक्सॉनमधून (चेतापेशीच्या लांब धाग्यातून) टोकाला जातं. ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप्या रसायनासारखं ते परत शोषून घेतलं जात नाही, विकरं (एन्झाइम्स) त्याचे तुकडे करतात. म्हणजे टोकाकडचा साठा संपला की नवा माल मुळापासूनच यायचा.

माझं अडतंय इथे: मलमाने आग कमी होते ती हा साठा संपल्यामुळे, की तंतूंची टोकंच काही काळ बधिर होतात म्हणून? माझ्या जुन्या पुस्तकात पहिलंच कारण दिलंय. आणि मधे दोन दिवस लावायचं राहिलं तर पुन्हा पहिल्यासारखी चुरचुर होते का? मेंदूविकारांतलं कुणी जाणकार असेल तर कृपया सांगा, आई रोज विचारते.