नाट्यगीतांच्या साथीला आयपॅडवरचं सिंथ: ॲनिमूग झेड कितपत चालेल?

काळी_एक

नमस्कार मंडळी. मुंबईत नाट्यगीतं आणि भावगीतांच्या कार्यक्रमांना कीबोर्डची साथ करतो. अरेंजर कीबोर्डमधले तयार टोन आता अपुरे पडतात. गायकाच्या मागे संथपणे रंग बदलत राहील असा पॅड (लांब धरून ठेवायचा भरीचा आवाज) हवाय, आणि मधल्या म्युझिकच्या तुकड्यांत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) घेता येईल असा एक सोलो आवाज. त्यासाठी ॲनिमूग झेड या मूगच्या सिंथेसायझर ॲपची फुकटातली आवृत्ती उतरवून पाहिली. आवाज सुरेख आहे यात वाद नाही, पण पूर्ण आवृत्तीचे पैसे भरण्याआधी जाणकारांना विचारावं म्हटलं.

काचेवर षड्जावरून गंधारावर गेलो की बोट नेमकं सुरावर थांबत नाही. कधी वर, कधी खाली. दुसरं म्हणजे तानपुऱ्यासोबत पॅडचा मेजर कॉर्ड धरला की गंधार खटकतो. ॲपचं ट्युनिंग चुकलंय का? आणि दीनानाथ, यशवंत, शिवाजी मंदिर अशा ठिकाणी थेट मिक्सरला द्यायचं तर काय काय लागेल? आयपॅड यूएसबी-सीवाला आहे, हेडफोनचं सॉकेट नाही. पट्ट्या नेहमीच्याच: पुरुष गायक काळी एक, काळी दोन, गायिका काळी चार, काळी पाच.

श्रुतीपेटी

ॲपचं ट्युनिंग बरोबर आहे, आणि खटकतंय तेही बरोबरच आहे. ॲप समान अंतराच्या बारा सुरांत बोलतं, तानपुरा नैसर्गिक सुरांत. सा म्हणजे काळी एक, १३८.६ हर्ट्झ धरा. तानपुऱ्याच्या त्या तारेतून पाचवा स्वयंभू (मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा, त्यातच दडलेला सूर) निघतो तो ६९३ हर्ट्झचा. तुमचा पॅडचा गंधार १७४.६ चा, त्याचा चौथा स्वयंभू ६९८.५. दोघांत साडेपाच हर्ट्झचा फरक, म्हणजे सेकंदाला साडेपाच ठोके. लांब धरलेल्या पॅडमध्ये ही थरथर लपत नाही. सेंटमध्ये (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सांगायचं तर शुद्ध गंधार ३८६ वर हवा, ॲप तो ४०० वर देतं. धैवत ८८४ ऐवजी ९००, निषाद १०८८ ऐवजी ११००. पंचमात मात्र फरक फक्त २ सेंटचा, तो कानाला लागत नाही.

म्हणून नाट्यगीताच्या पॅडमध्ये गंधार धरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सा-प-सा धरा. गंधार गायकाला आणि ऑर्गनला राहू द्या. मालकंस असेल तर सा-म, कारण तिथे पंचम नाही आणि तानपुराही मध्यमावर लावलेला असतो. मारव्यात तर पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, तिथे नुसता सा दोन सप्तकांत पुरे. भावगीताची चाल हार्मनीवरच उभी असेल तर कॉर्ड खुशाल धरा, पण मग तानपुरा बंद ठेवा. दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

कॉर्ड आणि तानपुरा दोन्ही हवेच असतील तर ऑडिओकिटचं सिंथ वन पाहा. फुकट आहे, त्यात ट्युनिंगचं वेगळं पॅनेल आहे आणि नैसर्गिक सुरांचे तक्ते लावता येतात. एक धोका लक्षात ठेवा. असा तक्ता कुठल्या तरी एका मूळ सुरावर बांधलेला असतो, बहुधा पांढरी एकवर. तुम्ही काळी चारमध्ये वाजवायला लागलात आणि तक्ता पांढरी एकवरच राहिला, तर आधी बरं होतं असं वाटेल इतकं बेसूर होतं. प्रत्येक पट्टीसाठी वेगळा प्रीसेट साठवा आणि नावातच 'काळी ४' असं लिहा.

आता मींड. ॲनिमूगच्या कीबोर्डला करेक्शन म्हणून एक नियंत्रण आहे. ते पूर्ण वर असेल तर बोट सरकवल्यावर सूर पायऱ्यांनी बदलतो, हार्मोनियमसारखा. पूर्ण खाली असेल तर बोट जिथे आहे तिथला सूर वाजतो, आणि मग दोन-तीन मिलिमीटरची चूकही ऐकू येते. तुमचं ते आत्ता खालच्या टोकाला असणार. अर्ध्याच्या थोडं वर आणा: की-च्या मधल्या भागात सूर पक्का राहतो आणि मींड दोन की-च्या सीमेजवळ होते. त्याबरोबर स्क्रीनवर दिसणाऱ्या की कमी करा, म्हणजे प्रत्येक की रुंद होईल. दीड सप्तक दिसलं तरी सोलोला पुरतं.

स्केल निवडून रागातलेच सूर ठेवायची सोय आहे, ती मोहात पाडते. वर्ज्य सूर लागायची भीती जाते हे खरं. पण सगळ्या की सारख्याच रुंद, आणि सुरांमधलं अंतर मात्र कुठे अर्धा स्वर, कुठे एक, कुठे दीड. त्यामुळे तोच हात सरकवला तरी मींडेचा वेग जागोजागी बदलतो. भूपात ग ते प दीड स्वराची उडी आहे, तिथे सूर एकदम धावतो. मींडेला बारा सुरांचाच कीबोर्ड ठेवा, पॅडला हवं तर स्केल लावा.

आणि सोलोच्या आवाजात डिले बंद करा. डिलेमध्ये मागचा सूर रेंगाळतो आणि मींड पुसट होते. ऑर्बिट, म्हणजे आवाजाचा रंग फिरवत ठेवणारं नियंत्रण, तेही हळू ठेवा. रंग भराभर बदलत असला की सूर नक्की कुठे आहे हे कानाला ठरवता येत नाही, आणि दोष बोटाला लागतो.

कन्सोलच्या_मागे

स्टेजचं मी सांगतो, कारण या ॲप्सची फजिती आवाजामुळे क्वचित होते, वायरीमुळे कायम होते.

यूएसबी-सीमधून हेडफोनचा छोटा डाँगल काढून काम भागतं, पण पुढची वायर नीट निवडा. डाँगलमधून येतो तो स्टिरिओ सिग्नल: टोकाला डावा, रिंगला उजवा. स्टिरिओ पिन ते स्टिरिओ पिन अशी एकच वायर मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला खोचली, तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. जे दोन्हीकडे सारखं आहे ते सगळं उडतं. बास नाही, मधला आवाज नाही, उरतो नुसता लांबून येणारा रिव्हर्ब. 'ॲपचा आवाज पातळ आहे' अशी तक्रार येते त्यातल्या बऱ्याच वेळा मामला हा असतो. एका बाजूला ३.५ एमएमची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या मोनो पाव इंची पिना अशी वायर घ्या. लॅमिंग्टन रोडला तयार मिळते, सोल्डरिंग येत असेल तर घरीही होते. दोन्ही पिना डीआय बॉक्सला (सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी डबी) द्या, तिथून एक्सएलआर वायरने मिक्सरला.

त्याहून चांगलं म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा दोन आउटचा यूएसबी इंटरफेस. बॅलन्स्ड आउट मिळतो आणि लेव्हलही भक्कम. मधे पॉवर घेणारा हब लागेल, कारण इंटरफेस, मिडी कीबोर्ड आणि चार्जिंग एकाच भोकातून करायचंय. चार्जर लावल्याबरोबर गुणगुण किंवा बारीक शिट्टी आली तर ती चार्जरच्या दोन पिनांच्या ॲडॅप्टरची गळती आहे. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. तरी राहिली तर आयपॅड पूर्ण चार्ज करून कार्यक्रम बॅटरीवर काढा. चार्जरची किंवा ॲम्प्लिफायरची अर्थिंगची पिन कापून गुणगुण घालवायचा उद्योग कुणी सुचवला तर साफ नाही म्हणा. तिथे माइक हातात धरून गायक उभा असतो.

सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने) सगळीकडे एकच ठेवा, ४८ हजार. ॲप ४४.१ समजतंय आणि इंटरफेस ४८ वर चालतोय असं झालं तर एक तर कडकड येते, नाही तर सगळं जवळजवळ दीड अर्धस्वर वर सरकतं: काळी एकचं गाणं पांढरी दोनही नाही आणि काळी दोनही नाही अशा जागी. बफर (एका वेळी तयार होणारे नमुने) २५६ ठेवलात तर ५.३ मिलिसेकंदांचा उशीर, म्हणजे स्पीकर पावणेदोन मीटर लांब ठेवल्याइतका. सोलोला चालतो. १२८ वर २.७, पण सोळा व्हॉइस (एका वेळी वाजू शकणारे सूर) लावलेला जाड पॅड जुन्या आयपॅडवर तडतडायला लागेल. पॅडला व्हॉइस सहावर आणा, तुम्ही तसेही तीनच सूर धरणार आहात. ब्लूटूथ हेडफोन मॉनिटरला अजिबात नको, तिथे उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि लय सुटते.

सेटिंग्जमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: चार-पाच बोटांचे जेश्चर बंद करा. मल्टिटास्किंगच्या पानावर सापडतील. चालू राहिले तर पाच बोटांनी कॉर्ड धरताच आयपॅड ॲप मिटतो किंवा दुसऱ्या ॲपवर जातो. मग गायडेड ॲक्सेस चालू करा, म्हणजे चुकूनही ॲपबाहेर जाता येणार नाही. ऑटो-लॉक 'नेव्हर', फोकस चालू, एअरप्लेन मोड. एअरप्लेन मोडमध्येही ब्लूटूथ चालू राहू शकतं, ते वेगळं तपासा.

एक विनंती: साउंड चेकला पॅड मोनो करून ऐका. बऱ्याच नाट्यगृहांत आणि जवळजवळ सगळ्या मांडवांत पीए (स्पीकरची यंत्रणा) मोनोच चालतो. रुंद डिट्यून केलेला (सूर किंचित हलवून पसरवलेला) पॅड मोनोत एकत्र आला की पोकळ होतो. रुंदी निम्मी केली की भरतो.

लालबाग_बँजो

मांडवात किंवा मैदानात नेणार असाल तर आणखी एक. आयपॅडला पंखा नसतो, आणि ॲपलने वापरासाठी दिलेली हवेची मर्यादा ३५ अंशांची आहे. स्टेजचे पार लाइट अंगावर घेऊन तो चार्ज होत असेल तर आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबतं, आणि शेवटी तापमानाचा इशारा स्क्रीनवर येऊन वाजवणंच बंद. कव्हर काढा, स्टँडवर मागून हवा लागेल असा ठेवा, फोमवर किंवा टेबलावरच्या शालीवर आडवा ठेवू नका. ब्राइटनेस हातानेच निम्म्यावर आणा.

घामाचाही विचार करा. सप्टेंबरच्या दमटपणात बोट काचेला चिकटतं आणि मींड झटक्यांनी पुढे जाते. तबलजी पावडर लावतात ती इथे नको, काचेवर तिचा थर बसतो. कागदासारखी खरखरीत मॅट फिल्म लावा आणि सुकं मायक्रोफायबर हाताशी ठेवा. पावसाचा एक थेंब काचेवर पडला तरी नसलेलं बोट आहे असं त्याला वाटतं, आणि सूर अडकून राहतो.

पांढरी_पाच

अँड्रॉइड टॅब्लेटवर यातलं काही होईल का? घरात सॅमसंगचा आहे.

कन्सोलच्या_मागे

@पांढरी_पाच, पॅडपुरतं होईल. एफएल स्टुडिओ मोबाइल अँड्रॉइडवर आहे, त्यातले सिंथ चांगले आहेत. कमी उशिराचा ऑडिओ मार्ग अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून आला, पण प्रत्यक्षात तो किती कमी हे टॅब्लेट बनवणाऱ्यावर ठरतं. वायरचे हेडफोन लावून काचेवर टिचकी मारा आणि टिचकीचा आवाज व सिंथचा आवाज वेगळे ऐकू येतात का बघा. आले तर सोलोचा विचार सोडा. ॲनिमूग अँड्रॉइडवर नाही.

काळी_एक

सगळ्यांचे मनापासून आभार. करेक्शन अर्ध्याच्या वर नेल्यावर गंधार थांबायला लागला, आणि सा-प-सा तर लगेच बसलं. दोन गोष्टी राहिल्या. जिओश्रेड या काचेवर वाजवायच्या दुसऱ्या ॲपचं नाव बरेच जण घेतात, ते ॲनिमूगपेक्षा बरं का? आणि नाट्यगीताला पायपेटीच्या ऑर्गनसारखा आवाज यातून काढता येईल का?

श्रुतीपेटी

मींडेसाठी जिओश्रेड निःसंशय पुढे आहे. बोट सरकत असताना सूर मोकळा, आणि थांबलं की जवळच्या सुराकडे ओढला जातो; किती वेगाने ओढायचा हे ठरवता येतं. हा वेग फार ठेवलात तर आंदोलित गंधार सरळ होऊन जातो. दरबारी वाजवायचा तर तो जवळजवळ बंदच ठेवा. कर्नाटक संगीतातले वादक त्यावर गंभीरपणे मैफली करतात ते उगाच नाही. पण पॅडचे रंग ॲनिमूगमध्ये जास्त श्रीमंत आहेत, त्यामुळे दोन्ही जोडा: जिओश्रेडची पाटी हाताला, आवाज ॲनिमूगचा, मधे एमपीई (प्रत्येक बोटाची हालचाल वेगळी पाठवणारी मिडीची पद्धत).

इथे नेहमी दोन ठिकाणी घोटाळा होतो. एमपीईत प्रत्येक बोटाला स्वतंत्र मिडी चॅनल मिळतो, २ ते १६. दोन ॲप्स जोडणाऱ्या मधल्या होस्ट ॲपने सगळं एकाच चॅनलवर आणलं तर एका बोटाच्या मींडेबरोबर धरून ठेवलेला खर्जही सरकतो. दुसरं, पिच बेंडची रेंज दोन्हीकडे एकच हवी. एमपीईत ती सहसा ४८ अर्धस्वर असते. पाठवणारा १२ वर आणि घेणारा ४८ वर असेल तर मींड चौपट लांब जाते, सावरून रेवर थांबायचं ते थेट त्याच सप्तकाच्या कोमल धैवतावर.

ऑर्गनला ॲनिमूग नको, मूगचंच मिनीमूग मॉडेल डी ॲप घ्या, त्यात चार सूर एकत्र धरता येतात. दोन ऑसिलेटर पल्स वेव्हवर, एक आठ फुटी, दुसरा चार फुटी (एक सप्तक वर) आणि आवाजाला त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. दुसरा ३ सेंट हलवा, जास्त नको, नाही तर ॲकॉर्डियन होतं. फिल्टर अर्धा उघडा, रेझोनन्स शून्य. अटॅक ४० मिलिसेकंदांच्या आसपास, कारण भात्याची हवा रीडला पोचायला तेवढा वेळ घेते. सस्टेन पूर्ण, रिलीज अगदी थोडा. वेलॉसिटी बंद: ऑर्गनला बोटाचा जोर कळत नाही, पायाचा कळतो. म्हणून एक्स्प्रेशन पेडल मिडी कीबोर्डला लावा, त्याचा सीसी ११ (पेडलचा मिडी संदेश) आवाजाला जोडा आणि गायक श्वास घेतो तिथे पाय सैल सोडा.