एकच उतारा रोज वाचून घेणं: वाचन की पाठांतर?

ऐरोलीची_आई
मुलगा तिसरीत, मराठी माध्यम. गोष्ट सांगायला लागला की थांबत नाही, पण पुस्तक उघडलं की एकेक अक्षर जोडत बसतो, ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवातीला काय होतं तेच विसरतो. ध-घ, भ-म यांची गल्लत, आणि रफार दिसला की गाडी थांबलीच. डोळे, कान तपासले, ठीक आहेत. बाई म्हणतात रोज नवीन पान वाचून घ्या. मी तसं करत नाही. पाच-सहा ओळींचा एकच उतारा चार दिवस घेते, आधी मी बोट ठेवून वाचते, मग दोघं मिळून मोठ्याने, मग तो एकटा, सगळं मिळून दहा मिनिटं. चौथ्या दिवशी तो न अडखळता वाचतो आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. माझं तरी ठाम मत झालंय की अडखळणाऱ्या मुलांना हेच हवं.

घणसोलीकर
ताई, पटलं नाही. चौथ्या दिवशी तो वाचत नाही, आठवतो. माझा भाचा ठाणे-वाशी लोकलमध्ये रबाळे, घणसोली, कोपरखैरणे असे बोर्ड धडाधड वाचायचा, आम्ही सगळे खूश. एकदा नेरुळच्या गाडीत बसलो, तुर्भ्यानंतर जुईनगर आलं आणि पोरगा बोर्डाकडे बघत गप्प. त्याला बोर्ड येत नव्हते, स्टेशनांचा क्रम येत होता. बाईंचंच ऐका, नवीन पान द्या.

कोपरीच्या_बाई
प्राथमिकला तीस वर्षं शिकवलंय म्हणून लिहिते. पुन्हा पुन्हा वाचण्याची पद्धत ताईंनी घरी शोधलेली नाही, एस. जे सॅम्युएल्स या अमेरिकन संशोधकांनी ती 1979 मध्येच मांडली होती, आणि 2000 साली वाचनावरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेल या समितीनेही म्हटलं की मोठं माणूस सोबत घेऊन मोठ्याने केलेल्या अशा वाचनाने मुलं सफाईने वाचायला लागतात. कारण साधं आहे, सगळी शक्ती अक्षर ओळखण्यात गेली तर अर्थासाठी काही उरत नाही. पण घणसोलीकरांची शंका खरी आहे. म्हणून उताऱ्यातले शब्द चिठ्ठ्यांवर लिहा, मिसळा आणि एकेक उचलून वाचायला लावा. तिथे अडला तर त्याला ओळ पाठ झालीय, शब्द नाही. मग परत बाराखडी, जोडाक्षरं, पाटीवर गिरवत, त्याला कमीपणा न वाटू देता. आणि उतारा सोपा घ्या हो, दहा शब्दांत दोन-तीन अडत असतील तर तो उतारा त्याच्यासाठी नाहीच.

नेरुळची_मीही_आई
माझं मत वेगळं आहे आणि थोडं रागाने लिहितेय. मुलगी आठवीत आहे, डिस्लेक्सिया आहे, म्हणजे हुशार असूनही अक्षरं-शब्द वाचायला फार जड जातं. तिसरीत असताना तिच्या शाळेत घड्याळ लावून मिनिटाला किती शब्द ते सगळ्या वर्गासमोर मोजायचे, तिला सकाळी उलट्या व्हायच्या. घरी मीही तेच केलं, उतारा, परत उतारा, आणि त्यात डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्यायचीच राहिली, दोन वर्षं वाया गेली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो, प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक मिळतो. आज ती इतिहास ऐकून शिकते आणि वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारते. वाचनाचा वेग म्हणजे सगळं नाही हो.

ऐरोलीची_आई
नेरुळच्या ताई, वाचून पोटात गोळा आला. घड्याळ कधीच लावणार नाही, तपासणीची वेळ उद्याच घेते. पण ऐकून शिकेल म्हणून वाचन सोडायचं हे मला जमणार नाही, औषधाच्या बाटलीवरचं नाव त्याला कोण वाचून दाखवणार? काल चिठ्ठ्या केल्या, बारा शब्द. आठ बरोबर. जे चार चुकले त्यातले तीन रफाराचे, गर्दी, दर्शन, मार्ग. उताऱ्यात हेच शब्द तो घडाघडा म्हणत होता! घणसोलीकर, तेवढं तुमचं बरोबर निघालं.

नेरुळची_मीही_आई
सोडा नाही म्हणत. दहा मिनिटं झाली की पुस्तक मिटा आणि झोपताना तुम्ही त्याला वाचून दाखवा, त्याला जमणार नाही असं अवघड काहीतरी, एवढंच.

घणसोलीकर
मी अजूनही म्हणेन की चार दिवस जास्त होतात, दोन दिवसांनी उतारा बदला, पण अडलेले शब्द तेच ठेवा. गर्दी, मार्ग, दर्शन घेऊन स्टेशनची एक छोटी गोष्ट तुम्हीच लिहा ना त्याच्यासाठी. मी आज भाच्यासाठी जुईनगरची लिहायला बसतोय.