चर्चा: रोज चार ओळी लिहिल्यानं जगण्याला अर्थ येतो का?

केळीवाला (रावेर)
वडील गेल्यावर त्यांच्या वह्या सापडल्या. केळीचा कांदेबाग कधी लावला, पाणी कधी दिलं, घड कधी निसवले, बोर्डाचा जाहीर भाव काय नि व्यापाऱ्यानं हातात किती टेकवले. मधूनच एखादी ओळ: 'तापीचं पाणी बघून आलो. बरं वाटलं.' घरात चार शब्द न बोलणारा माणूस मला त्या ओळीत भेटला. म्हणून म्हणतो, जो वाचत नाही, लिहीत नाही, त्याचे दिवस नुसते निघून जातात. रोज चार ओळी लिहाच.

कापूसवेचणी (पारोळा)
'नुसते निघून जातात' हे जरा जपून, भो. माझी माय किलोवर कापूस वेचते. संध्याकाळी बोटं ओरखडलेली असतात, त्या बोटांनी पेन धरायचं? आपल्याच आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षर येत नव्हतं. शेतात, घरकामात जे सुचलं ते म्हटलं.

केळीवाला
नि त्यांच्या मुलानं, कवी सोपानदेवांनी, ते जपून छापवलं नसतं तर? त्या 1951 ला गेल्या, पुस्तक 1952 ला आलं. त्यांचं नाव आज तुझ्या तोंडी आहे ते कागदामुळे.

कापूसवेचणी
म्हणजे ज्यांचा मुलगा कवी निघाला नाही, त्या बायांच्या ओव्या फुकट गेल्या? टिकणं वेगळं, अर्थ असणं वेगळं. जातं फिरत होतं तेव्हाच तिला जे मिळायचं ते मिळालं होतं. पुस्तक आपल्या सोयीचं.

धुळेकर मास्तर
मधे बोलतो. आमच्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत नि साने गुरुजी लिहून घेत. गुरुजींची कमाल लिहिण्याच्या आधीची आहे, त्यांनी ऐकलं. आपल्याला ऐकायला सवड नसते, मत मांडायला असते. वाचनाचं म्हणाल तर फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरच्या साहित्य संमेलनातून पिशवीभर पुस्तकं आणली. पिशवी भाजीला वापरतोय, पुस्तकं तशीच आहेत.

केळीवाला
मास्तर, पिशवीचं पटलं. पण ऐकलेलं माणूस विसरतो. वही विसरत नाही.

कापूसवेचणी
वहीत जे आलंच नाही त्याचं काय? तुझ्या वडिलांच्या वह्यांत तुझी आई किती वेळा आहे?

केळीवाला (दोन दिवसांनी)
शोधलं. नऊ वह्या, आईचं नाव एकदाही नाही. 'घरून डबा आला' एवढंच. एका वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पानावर फक्त 'आज विशेष काही नाही'. आईला वाचून दाखवलं. ती चुलीवर भरताची वांगी भाजत होती. साल विचारलं, मग वांगं फिरवत म्हणाली, 'विहिरीच्या मोटरीसाठी माझ्या पाटल्या मोडल्या त्या दिवशी. सोनाराकडून येताना एक शब्द बोलले नाहीत.'
'त्या पानावर लिहून ठेवू का?' म्हटलं.
'नको,' म्हणाली.

कापूसवेचणी
नि इथे लिहून मोकळा झालास.