सगळे सॅमन सारखे नसतात

'अलास्कातल्या ब्रिस्टल बे या उपसागरात सॅमन माशांचा पूर येतो, मग युकॉन नदीवर मासेमारीला बंदी कशाला?' असं कोणी विचारतं. अहो, मासाच वेगळा! २०२२ मध्ये ब्रिस्टल बेत आले ते सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय जातीचे सॅमन. अलास्का-कॅनडातून वाहणाऱ्या युकॉनवर आटलाय तो किंग, म्हणजे चिनूक जातीचा सॅमन. म्हणून २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने त्याची मासेमारी ७ वर्षं थांबवली.

किंग जवळपास ३००० किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहतो, त्यामुळे अंगात चरबी ठासून. अलास्कातल्या मूळनिवासी युपिक लोकांच्या घरांना वर्षभराची बेगमी म्हणून तोच हवा. उन्हाळ्यात सगळं कुटुंब नदीकाठी तळ ठोकतं. बायका अर्धचंद्राकृती सुरीने मासा उभा चिरतात, पण शेपटीशी दोन्ही भाग जोडलेले ठेवतात. दोरीवर पायजमा टाकावा तसा तो काठीवर वाळत पडतो. मग धुरी. बंदीत हे हातचं कसब पोरांना शिकवायचं कशावर?

सॅमन खाणाऱ्या तिथल्या अस्वलांचं म्हणाल, तर मासे मुबलक असले की ती फक्त मेंदू, कातडी आणि गाबोळी खातात. चोखंदळ मंडळी! उरलेलं गल पक्ष्यांना आणि काठावरच्या झाडांना.