कंपनीची ख्रिसमस पार्टी, ४५ माणसं, २५ हजार... नाशकात कसं जमवायचं?

अंबड_अकाऊंट्स:
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या. मी अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत अकाऊंट्सला आहे. साहेबांची मुलगी बाहेरून शिकून आलीये, आता एचआर तीच बघते आणि तिला यंदा ख्रिसमस पार्टी करायचीये. ठरवलं तिने, गळ्यात आलं माझ्या, कारण काय तर "ताई तुम्हाला सगळे रेट माहिती असतात". माणसं ४५. त्यात वीसेक शॉपफ्लोअरची, दोन शिफ्टमध्ये, आठ आयटीआयची अप्रेंटिस पोरं, बाकी ऑफिस. व्हेज अठरा-वीस. बजेट २५,००० म्हणजे २५,०००च, त्यात जेवण केक डेकोरेशन गिफ्ट सगळं आलं. तारीख २४ डिसेंबर संध्याकाळ धरलीये. आमच्याकडे ख्रिश्चन एकच, स्टोअरचे काका, त्यांना विचारलं कसं करू, तर म्हणाले तू ठरव पोरी, मला काय. हॉटेल, केटरर, केक, गेम्स, जे सुचेल ते सांगा. संगीत खुर्ची नको, मागच्या वेळी डिस्पॅचच्या मुलाचं मनगट मुरगळलं.

गोदाकाठ:
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे पण हेच खूळ आलंय.

वीकेंड_वारी:
गंगापूर डॅमच्या बाजूचं एखादं रिसॉर्ट घ्या डोळे मिटून. गेल्या वर्षी आमची टीम गेली होती, १८०० पर हेड, स्टार्टर अनलिमिटेड, शेकोटी, लाइव्ह गिटार. जाताना सुला वायनरीला थांबलो, सगळ्यांचे फोटो एक नंबर आले. नाशकात राहून वायनरीत पार्टी नाही केली तर मग काय केलं.

अंबड_अकाऊंट्स:
१८०० गुणिले ४५ म्हणजे ८१,०००. बजेट वर लिहिलंय हो.

वीकेंड_वारी:
मग ३०च जण न्या.

सातपूरकर:
३० नेले तरी ५४ हजार होतात भाऊ, आणि उरलेल्या पंधरांना काय प्रेस चालवायला ठेवायचं का 😄
ताई, माझं ऐका, ओपन लॉनवर रात्रीची पार्टी करू नका. निफाडचा पारा पेपरात येतो तो काय उगाच येतो का? आम्ही केली होती गंगापूर रोडला एका लॉनवर, आठ वाजेपर्यंत बरं होतं, नंतर सगळी जनता तंदूरच्या भट्टीभोवती हात शेकत उभी, स्टेजसमोर फक्त अँकर आणि त्याचा माईक. पनीरच्या भाजीवर साय धरली. आइस्क्रीमचे पैसे भरलेले, ते कोणी हात लावला नाही, शेवटी दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या पोरांनी खाल्लं. त्यात डीजेवाला दहाला बंद करेना, पोलिसांची गाडी आली, आमच्या मॅनेजरला रस्त्यावर उभं राहून समजूत घालावी लागली. दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आहे, तो सगळ्यांना माहिती असतो, फक्त डीजेवाल्याला नसतो.

तात्या_पंचवटी:
एक साधा प्रश्न. याच महिन्यात दत्तजयंती असते, तिला कंपनीत प्रसाद ठेवता का? की फक्त लाल टोप्याच घालायच्या? राग नसावा, विचारतोय.

अंबड_अकाऊंट्स:
तात्या, खंडेनवमीला आमच्याकडे एकेका मशीनला हार पडतो, श्रावणात सत्यनारायण असतो आणि दत्तजयंतीला गेटवरचा सिक्युरिटीवाला स्वतः पेढे वाटतो. आता केकचं सांगा.

तात्या_पंचवटी:
केकचं मला काय माहीत. आमच्या वेळी दिवाळीला बोनस असायचा, तो द्यायचे. आता पार्ट्या देतात.

सीएनसी_सेकंडशिफ्ट:
तात्यांच्या बोनसला +१०००
ताई मी शॉपफ्लोअरवरचाच आहे म्हणून बोलतो, ऑफिसवाले पार्टी ठरवतात संध्याकाळी सहाला. त्या वेळी सेकंड शिफ्ट मशीनवर असते आणि फर्स्ट शिफ्टवाला घरी जाऊन आंघोळ करून झोपायच्या बेतात असतो, तो परत बारा किलोमीटर गाडी मारून तुमचा केक खायला कशाला येईल. माझ्या आधीच्या कंपनीत आम्हाला दरवेळी उरलेला थंड समोसा आणि अर्धा वाटी वेफर्स मशीनवर आणून द्यायचे वर म्हणायचे एन्जॉय. शिफ्ट बदलायच्या वेळेला ठेवा, एकच तास लाइन थांबवा, दोन्ही शिफ्ट हजर असतात. आणि सुट्टीच्या दिवशी तर अजिबातच नको, सुट्टीला कोणी येत नाही, आलं तरी तोंड पाडून येतं.

मिसळ_मोगल:
एवढा विचार करण्यापेक्षा सकाळी सगळ्यांना चुलीवरच्या मिसळीला न्या. माणशी दीडशेत ताक जिलेबीसकट काम होतं, व्हेज-नॉनव्हेजची कटकट नाही, मळ्यात झोके आहेत, बैलगाडी आहे. ख्रिसमस लाल असतो, रस्सा पण लाल असतो.

प्राजक्ता_इंदिरानगर:
मळ्यातली मिसळ म्हणजे मिसळ नाही, फोटो काढायची जागा आहे ती. खरी मिसळ गावात, बाकड्यावर बसून.

मिसळ_मोगल:
तुमच्यासारख्यांमुळेच नाशिकची मिसळ मागे राहिली. काळा मसाला कशाशी खातात माहितीये का?

प्राजक्ता_इंदिरानगर:
पावाशी.

(यापुढच्या मिसळीवरच्या अकरा प्रतिक्रिया वेगळ्या धाग्यात हलवल्या आहेत. – संपादक)

पंचांग_बघून:
हॉलच घ्यायचा असेल तर एक युक्ती सांगतो, आमच्या मेहुण्याचं लॉन आहे म्हणून माहिती. दाते पंचांग उघडा आणि ज्या दिवशी लग्नाचा मुहूर्त नाही तो दिवस धरा. मुहूर्ताच्या दिवशी लॉनवाला फोन उचलत नाही, मुहूर्त नसला की तोच स्वतः परत फोन करतो. भाव निम्म्यावर येतो. आणि गुरुवार टाळा, मार्गशीर्ष आहे, तुमच्या ऑफिसमधल्या बायकांचे उपास असतील, त्यांच्यासमोर बिर्याणी ठेवाल आणि वर्षभर ऐकाल.

वीकेंड_वारी:
रिसॉर्टवाल्याला माझं नाव सांगा, १६०० करेल.

उत्पादन_शुल्क_निवृत्त:
कोणी विचारलं नाही तरी सांगतो. पार्टीत दारू ठेवायची कोणाच्या डोक्यात असेल तर हॉटेलच्या परमिट रूमबाहेर, म्हणजे लॉनवर, कंपनीच्या आवारात किंवा फार्महाऊसवर, एक दिवसाचा परवाना काढावा लागतो. आणि आपल्या राज्यात सौम्य बियरला वय २१ लागतं, कडक दारूला २५. धागाकर्तीने आठ अप्रेंटिस लिहिलेत, ती पोरं अठरा-एकोणीसची असणार. त्यातलं एक जरी रात्री मोटरसायकलवरून पडलं तर उत्तर कंपनीला द्यावं लागेल, पार्टी सुचवणाऱ्यांना नाही. नोकरीत असताना असे दोन प्रसंग जवळून पाहिलेत. असो.

अंबड_अकाऊंट्स:
दारू नाहीच हो, साहेब स्वतः माळकरी आहेत. पण वयाचं माहिती नव्हतं, धन्यवाद.

शरणपूर_रोडवरून:
ताई, सगळे जागेवर आणि जेवणावर बोलतायत, मी तारखेवर बोलते. २४ ची संध्याकाळ ठेवू नका. आमच्या घरी त्या दिवशी सकाळपासून येशूजन्माचा गोठा सजवायचा असतो, करंज्या-चकल्या तळायच्या राहिलेल्या असतात (हो, आम्ही मराठी ख्रिस्ती नाताळाला फराळच करतो, चिवडा शंकरपाळ्यासकट), कॅरोलवाली पोरं येऊन जातात आणि रात्री सगळे चर्चला. तुमचे स्टोअरचे काका नाही म्हणणार नाहीत. माझे वडीलही सातपूरला तीस वर्षं होते, ते पण कधी नाही म्हणाले नाहीत. ऑफिसात केक कापायला थांबायचे आणि घरी उशिरा यायचे, मग आई न बोलता इस्त्रीचा शर्ट पुढे करायची. काका "तू ठरव" म्हणाले ना, त्याचा अर्थ तोच आहे.

गोदाकाठ:
हे मला पण माहिती नव्हतं. आमचीही २४ लाच ठरलीये, उद्या बोलतो.

इतिहासवेडा_नाशिक:
अवांतर: शरणपूर निघालंच आहे म्हणून. १८५० च्या दशकात ख्रिस्ती मिशनने ही वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून शिकवली जायची, लोहारकाम सुतारकाम सगळं. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनसोबत होता, आणि लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याच्या शवपेटीबरोबर पार लंडनपर्यंत गेला, १८७४ साली. म्हणजे आपल्या नाशकात शिकलेला मुलगा वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदा द्यायला उभा होता. आणि आपण रोज तिथून सिग्नल तोडून जातो.

सातपूरकर:
वाखूसा (वाचनखूण साठवली). पण केक?

शरणपूर_रोडवरून:
केकवर येते. प्लम केक घ्या, क्रीमचा नको, क्रीमचा केक निम्मा तोंडाला फासण्यात जातो. पातळ कापला तर किलोत अठरा-वीस तुकडे होतात, ४५ जणांना तीन किलो पुरे. ऑर्डर आजच द्या, घरगुती करणाऱ्या बायका सुकामेवा आधीच भिजवून ठेवतात आणि पंधरा तारखेनंतर ऑर्डर घेत नाहीत. दोन गोष्टी विचारा: अंडं आहे का आणि मेवा रममध्ये भिजवलाय की संत्र्याच्या रसात. तुमचे साहेब माळकरी आहेत म्हणताय.

बेकिंग_बाई:
संत्र्याच्या रसातला केक रमच्या केकइतका टिकत नाही, रमचाच खरा. माझ्याकडे ऑर्डर बंद झाल्यात, पण चौकशी करायला हरकत नाही.

गिफ्ट_नको:
एक कळकळीची विनंती, सिक्रेट सँटा (चिठ्ठीत नाव येईल त्याला गुपचूप गिफ्ट द्यायचं) करू नका. मला एका वर्षी संडास घासायचा ब्रश आला होता. लाल रिबिन बांधून. देणारा कोण ते आजपर्यंत कळलं नाही पण मला संशय आहे.

प्राजक्ता_इंदिरानगर:
+१, सिक्रेट सँटा नकोच. आमच्याकडे एकाने दोनशेची मर्यादा असताना बॉसला दोन हजारांचं घड्याळ दिलं, सिक्रेट कसलं, वर सही करून दिलं.

सीएनसी_सेकंडशिफ्ट:
अप्रेंटिसच्या स्टायपेंडमधून दोनशे काढायला लावू नका एवढंच. त्यापेक्षा प्रत्येकाला कोंडाजीचा चिवडा द्या, घरचे खूश.

सातपूरकर:
सँटाचा ड्रेस भाड्याने घेणार असाल तर विसरा. सगळ्या शाळांची गॅदरिंग याच महिन्यात. मला मिळाला तो सहावीतल्या मुलाच्या मापाचा होता आणि आमचा सँटा ९४ किलोचा. आणि झाड प्लास्टिकचं घेऊ नका, नर्सरीत कुंडीतला ख्रिसमस ट्री मिळतो, नंतर रिसेप्शनला ठेवायचा. आमचा चार वर्षं झाली जिवंत आहे, तीन एचआर मॅनेजर पाहिलेत त्याने.

वीकेंड_वारी:
रिसॉर्टचं काय ठरलं?

अंबड_अकाऊंट्स:
सगळ्यांचे आभार, ठरलं एकदाचं. २३ तारीख, सोमवार, दुपारी सव्वातीन, कंपनीच्या पार्किंगमध्ये. काकांना मुद्दाम जाऊन विचारलं, २४ चालेल का, तर आधी म्हणाले चालेल की. मी म्हटलं खरं सांगा. मग म्हणाले २३ ला बरं पडेल, आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून करंज्या घेऊन आले, "चव बघ" म्हणून.

जेवण म्हणजे पावभाजी आणि पुलाव, गाडीवालाच कंपनीत येऊन लावणार, १५० ची प्लेट, पन्नास सांगितल्यात, ७,५००. केक तीन किलो, काकांच्या शेजारच्या बाई करतायत, रमशिवाय, अंड्याशिवाय, २,७००. स्पीकर आणि माईक २,५००, साडेचारला बंद. कुंडीतलं झाड आणि माळा १,८००. आणि हो, सिक्रेट सँटा करतेय, तुम्ही सगळे नको म्हणालात तरी. पैसे कंपनीचे, प्रत्येकाला दोनशेची नोट पाकिटात आणि एक चिठ्ठी, म्हणजे अप्रेंटिस पोरांनाही खिशात हात घालायला नको. ९,००० तिकडे गेले. एकूण २३,५००, दीड हजार हातात ठेवलेत, काहीतरी विसरलेलं असतंच. ब्रश आणायचा नाही हे चिठ्ठीच्या मागे लिहिलंय.

सँटा डिस्पॅचचा तो मनगटवाला मुलगा होतोय. ड्रेस मिळाला नाही, त्याच्या आईने लाल मॅक्सी कापून शिवलाय.

गिफ्ट_नको:
मी सांगितलं होतं. नंतर रडत येऊ नका.

मिसळ_मोगल:
पावभाजी?? नाशकात??

नवा_सदस्य_४१२:
छान धागा. पूर्ण वाचला नाही, पण माझं मत विचाराल तर २४ ला संध्याकाळी एखाद्या लॉनवर ठेवा, मस्त वातावरण असतं.