मदत हवी आहे: ऑनलाइन (व्हिडिओ कॉलवरच्या) नोटरीत ओळख पटत नाही

अबोली_टेक्सास: पासपोर्ट स्कॅन झाला, पण पुढच्या प्रश्नोत्तरांत दोनदा नापास. आता पानच उघडत नाही. कागद याच आठवड्यात पुण्याला पाठवायचाय. लवकर सांगा!

पायवाट: कागद कसला? व्हिसा कोणता? एसएसएन (अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर) आहे?

अबोली_टेक्सास: एच४ (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला), एसएसएन नाही. कागदाचं काय, अडलंय ओळखीवर.

रानवारा: ते प्रश्न क्रेडिट आणि सरकारी नोंदींतून निघतात: जुने पत्ते, गाडीचं कर्ज. किमान ५ प्रश्न, २ मिनिटं, ८० टक्के बरोबर हवेत. एसएसएन नसल्याने नोंदी तुटपुंज्या असल्या की प्रश्न भलतेच येतात. टेक्सासात दोनदा चुकलं की त्याच नोटरीकडे २४ तास थांबावं लागतं.

समुद्रपार: व्हर्जिनियाचा नोटरी धरा. तिथे ऑनलाइन नोटरीचा कायदा २०१२ पासून लागू आहे. नोटरी राज्यात हवा, सही करणारा कुठेही चालतो.

रानवारा: राज्य बदलून नोंदी कशा वाढतील? नोटरी स्वतः ओळखत असेल तरच टेक्सासात प्रश्न टळतात.

अबोली_टेक्सास: बरं, मुखत्यारपत्र आहे. भावाला, फ्लॅट विकायला.

दस्तनोंद: हे आधी सांगायला हवं होतं. ऑनलाइन सोडा. भारताच्या आयटी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मुखत्यारपत्र वगळलंय, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सही चालत नाही. २०२२ ची सवलत बँका-वित्तसंस्थांना दिलेल्या मुखत्यारपत्रांपुरती आहे. शाईने सही, समोर नोटरी, मग ऑस्टिनहून अपोस्टिल (कागद परदेशात मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला), १५ डॉलर.

समुद्रपार: ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीचा शिक्काच खात्रीचा.

दस्तनोंद: नोंदणी कायद्याचं कलम ३३ नोटरी आणि वकिलात दोघांनाही मानतं. जवळ पडेल ते करा.



पायवाट: अबोली, समोरच्या नोटरीकडे टेक्सासचं लायसन्स न्या. भारतीय पासपोर्ट तिथे फक्त निवासी मालमत्तेच्या (घर, फ्लॅट) व्यवहाराच्या कागदाला चालतो. तुमचा तसाच आहे, तरी काही नोटरी अडून बसतात. फोनवर आधीच विचारा. मुदत संपलेलं ओळखपत्र नको.

अबोली_टेक्सास: लायसन्स आहे. पुण्यात पुढे काय?

दस्तनोंद: कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मुद्रांक भरायचा. सख्ख्या भावाला बिनमोबदला असेल तर ५०० रुपये. मोबदल्याचा उल्लेख आला की खरेदीखताइतका लागेल, मसुदा नीट वाचा. कुरिअरचं पाकीट भावाला जपून ठेवायला सांगा, पोचल्याची तारीख त्यावरूनच दाखवता येते.