हाउसचं वाटोळं विल्सनच्या मैत्रीने केलं

परळची_पोर

(शेवटापर्यंतचं सगळं फोडलंय. 'हाउस' ही अमेरिकन मालिका पाहायची असेल तर इथूनच परत फिरा.)

मालिकेतलं सगळ्यात सुंदर नातं कोणतं असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: हाउस आणि विल्सन. काल ऑफिसच्या ग्रुपवर यावरून जुंपली आणि मी एकटी पडले, म्हणून इथे धागा काढतेय. माझं म्हणणं असं की विल्सनचा जीव हाउसवर होता, पण त्या मैत्रीने हाउसचं कधीच भलं झालं नाही. त्याला मोठ्या माणसासारखं वागवलं ते कडीने, आणि तिने त्याला सोडलं तेही बरोबरच होतं.

ज्यांनी पाहिली नाही तरी वाद घालायचाय त्यांच्यासाठी थोडक्यात. २००४ ते २०१२, आठ सीझन, १७७ एपिसोड. ग्रेगरी हाउस (ह्यू लॉरी) निदानात अव्वल आणि वागण्यात हरामी. मांडीच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटून तो स्नायू मेला, तेव्हापासून हातात काठी आणि खिशात व्हायकोडिन या वेदनाशामक गोळ्यांची डबी. जेम्स विल्सन (रॉबर्ट शॉन लिओनार्ड) कॅन्सरचा डॉक्टर आणि हाउसचा एकुलता एक मित्र. लिसा कडी (लिसा एडेलस्टाइन) हॉस्पिटलची डीन, म्हणजे दोघांचीही साहेब. सातव्या सीझनमध्ये हाउसची प्रेयसी.

आता विल्सनचा हिशोब मांडू. त्या गोळ्या लिहून कोण द्यायचं? विल्सन. तिसऱ्या सीझनमध्ये ट्रिटर नावाचा पोलीस मागे लागतो आणि उघड होतं की हाउसने विल्सनच्या सहीने खोटी प्रिस्क्रिप्शनं बनवलीत. विल्सन काय करतो? सही माझीच म्हणून सांगतो. जेवायला घालायचं, पैसे द्यायचे, खोटं बोलून सोडवायचं, वर "तू सुधार" म्हणून प्रवचन झोडायचं! आपल्याकडे वाया गेलेल्या थोरल्या मुलाला असंच पोसतात, आणि त्याला कुणी मैत्री म्हणत नाही.

आणि हाच विल्सन चौथ्या सीझनच्या शेवटी काय मागतो ते आठवा. बसच्या अपघातात त्याची मैत्रीण अँबर मरणाच्या दारात आहे. तिला काय झालंय याचा धागा हाउसच्या डोक्यात अडकलाय, पण त्याची आठवण पुसली गेलीय आणि कवटीला तडा गेलाय. तरी विल्सन म्हणतो, मेंदूत तारा घालून वीज सोड आणि आठव. हाउस हो म्हणतो. झटके येतात, कोमात जातो. अँबर तरीही वाचत नाही आणि हा गृहस्थ नोकरी आणि मैत्री दोन्ही सोडून चालू पडतो.

कडीचं पाहा. सातव्या सीझनमध्ये तिच्या लघवीत रक्त दिसतं, मूत्रपिंडावर गाठ निघते. हाउस आधी तोंड लपवतो. शेवटी तिच्या उशाशी येऊन बसतो आणि ती सुखावते. मग तिच्या लक्षात येतं की हा गोळी घेऊन आलाय. मी घाबरलेले असताना तू शुद्धीत माझ्याजवळ बसू शकत नसशील तर तू माझ्याजवळ नाहीसच, एवढा साधा मुद्दा. आरडाओरडा नाही. विल्सनला वीस वर्षं मिळाली असती तरी हे वाक्य जमलं नसतं.

मारा दगड.

शंकासुर

पोरी, निम्मी गोष्ट सांगून निकाल लावलास.

ट्रिटरच्या प्रकरणात विल्सन पुढे पोलिसाकडे स्वतःहून जातो. ट्रिटरने त्याची बँकखाती गोठवली, औषधं लिहिण्याचा अधिकार काढवला, तोवर तो गप्प होता. तोंड उघडलं ते गोळ्या तुटल्यामुळे हाउस चुकीचं निदान करून एका लहान मुलीचा हातपाय कापायला निघाला आणि खरं निदान घेऊन आलेल्या, त्याच्याच टीममधल्या चेसला त्याने ठोसा मारला, तेव्हा. म्हणजे स्वतःचं नुकसान सोसलं, पेशंटचं नाही सोसलं. पोसणारा माणूस असा वागतो?

आणि त्या खटल्यात शपथेवर खोटं कोण बोललं? तुझी कडी! हाउसने फार्मसीतून उचललेल्या गोळ्या खोट्या होत्या, मी आधीच बदलल्या होत्या, असा कागद रंगवून ती कोर्टात उभी राहिली. विल्सन खोटं बोलला तर पोसणं, कडी बोलली तर मोठ्या माणसासारखं वागवणं?

पायाचंही सांगतो. पाय कापायला हाउसने साफ नकार दिला होता. तो औषधाने झोपलेला असताना मेलेला स्नायू काढण्याचा मधला मार्ग कडीने सुचवला आणि त्याची तेव्हाची प्रेयसी स्टेसीने त्यावर सही केली. तो जन्मभर ज्या दुखण्यावर गोळ्या खातो, त्याच्या मुळाशी या दोघी आहेत. विल्सन नाही.

बोरिवली_स्लो

शंकासुरांना +१. अख्खी मालिका चर्चगेट-बोरिवली उभ्याने पाहिलीय. विल्सनच्या सीनला फोन बाजूला ठेवला नाही, कडीच्या सीनला मालाड आलं की नाही बघायचो. निकाल लागला.

परळची_पोर

@शंकासुर, ती शस्त्रक्रिया झाली नसती तर एक तर पाय गेला असता नाहीतर जीव. दुखणं कडीने दिलं असेल, आयुष्यही तिनेच दिलं.

शपथेवर खोटं बोलली, हो. पण ती उघड बोलली, डीनच्या खुर्चीत बसून, परिणाम स्वतःवर ओढवून घेऊन. विल्सनची तऱ्हा वेगळी. तिसऱ्या सीझनचा पहिलाच एपिसोड काढा. व्हीलचेअरवरचा पेशंट, न चालणारा, न बोलणारा. हाउस पुराव्याशिवाय अंदाज बांधतो की एक कॉर्टिसॉलचं इंजेक्शन द्या, उठेल. कडी आधी हाकलते, मग मन खातं म्हणून गुपचूप देते आणि माणूस खरंच उठतो. विल्सन तिला काय शिकवतो? हाउसला सांगू नकोस, त्याला जरा नम्रता येऊ दे. म्हणजे मित्राला मुद्दाम वाटू द्यायचं की तू चुकलास. पुढच्या एपिसोडमध्ये खरं सांगतं कोण? कडी.

अर्धझोप_रेसिडेंट

इमर्जन्सी डे संपवून आलोय, त्यामुळे भाषा सैल असेल.

मला दोन्ही बाजूंचं पटत नाही. तुम्ही सगळे गोळ्या हा हाउसचा स्वभावदोष धरून बोलताय. व्हायकोडिन म्हणजे हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल. पहिलं अफूच्या घराण्यातलं, दुसरं तुमच्या घरात तापाला असतं तेच, आणि इतक्या वर्षांच्या त्या डोसला त्याचं लिव्हर टिकलं हाच मालिकेतला सर्वात मोठा चमत्कार. पण त्याचं दुखणं खरं आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याला बंदुकीच्या गोळ्या लागतात, मग केटामिनच्या उपचाराने दुखणं थांबतं, तेव्हा तो धावायला जातो. दुखणं परत आलं की काठी आणि डबी परत. याचा अर्थ लावायला डॉक्टर असावं लागत नाही.

आता सातव्या सीझनमधली ती रात्र. त्याआधी तो मनोरुग्णालयात राहून, गोळ्या सोडून, वर्षाच्या वर असाच दुखत जगलेला आहे. प्रेयसीला कॅन्सर असेल या भीतीने एकदा घसरला. एकदा! व्यसनाच्या पेशंटचं असं घसरणं आम्ही गृहीत धरतो. पेशंट पहिल्या घसरणीला हाकलून द्यायचा म्हटलं तर ओपीडी रिकामी होईल. कडी स्वतः डॉक्टर आहे, तिला हे माहीत नसेल?

परळची_पोर

डॉक्टरसाहेब, ती त्याची डॉक्टर नव्हती हो, हाच तर मुद्दा आहे. घरात रेचेल नावाची लहान मुलगी होती. तुमच्या ओपीडीतला पेशंट घसरला तर तुम्ही केसपेपरवर लिहून पुढच्याला बोलावता. तिला त्याच्याबरोबर घरी जायचं होतं.

सिस्टर_नाइट_ड्यूटी

तुमचं चालू द्या. मला वेगळंच विचारायचंय. त्या हॉस्पिटलात नर्स कुठे असतात?

रक्त काढायला डॉक्टर, सलाइन लावायला डॉक्टर, एमआरआयच्या खोलीत डॉक्टर, पेशंटच्या घराची झडती घ्यायलाही डॉक्टर. सिस्टर मागून ट्रे घेऊन जाते तेवढीच. आमच्या वॉर्डात सिस्टर, मावशी आणि मामा एक दिवस आले नाहीत तर सगळे हाउस मिळून एक बेडपॅन वेळेवर पोचवू शकणार नाहीत. एवढी वर्षं त्या मजल्यावर घालवून हाउसचं एकाही सिस्टरशी साधं भांडणसुद्धा धड नाही, आणि तुम्ही नात्यांची चर्चा करताय.

तरी माझं मत विल्सनला, पण तुमच्या कारणासाठी नाही. त्या तिघांत पेशंटच्या बिछान्याशी खाली बसणारा तोच. सहाव्या सीझनमध्ये जुन्या पेशंटला स्वतःच्या लिव्हरचा तुकडा देतो. वेडेपणाच तो, माझ्या वॉर्डात कुणी डॉक्टर असं करायला निघाला असता तर मी मेट्रनला बोलावलं असतं. पण ऑपरेशनला तू थांब म्हणून हाउसला सांगतो, तेव्हा हाउस आधी नाही म्हणतो, कारण तू मेलास तर मी एकटा उरेन. आणि मग येऊन उभा राहतो. शुद्धीत. परळच्या ताई, तुमच्या कसोटीला विल्सन इथे उतरला की नाही?

भायखळा_एक्सप्रेस

सगळे कडी कडी करताय. प्रेमभंग झाला, माणसाचं डोकं फिरलं, घरात गाडी घातली. पुरुषाला दुःख व्यक्त करता येत नाही म्हणून असं होतं. त्यात एवढं काय, कुणी मेलं का?

सिस्टर_नाइट_ड्यूटी

दादा, नाइटला कॅज्युअल्टीत येऊन बसा एकदा. "डोकं फिरलं"वाल्यांच्या बायका दाखवते.

परळची_पोर

सातव्या सीझनचा शेवट, २०११. ती बहिणीबरोबर घरी, पाहुणे आहेत, जेवणं चाललीत. हा खिडकीतून बघतो, गाडीत बसतो आणि थेट जेवणाच्या खोलीत गाडी घालतो. विल्सन त्याआधी गाडीतून उतरला होता, त्यालाही बाजूला उडी मारताना लागलं. ज्या बाईने कागद रंगवून तुरुंगातून वाचवलं तिच्या घरात!

आणि यानंतर विल्सन काय करतो ते मला सगळ्यात जास्त खुपतं. हाउस तुरुंगातून सुटून येतो, विल्सन थोडे दिवस अबोला धरतो, मग एक ठोसा मारतो आणि जेवायला चलतोस का विचारतो. फिटलं. कडीचा हिशोब विल्सनच्या ठोशात फिटला. तिला कुणी विचारलंच नाही.

शंकासुर

हे मात्र लेखकांचं पाप आहे, विल्सनच्या माथी मारू नकोस. एडेलस्टाइनने सातव्या सीझननंतर मालिका सोडली, मग आठव्यात तिला विचारणार कोण आणि कसं? शेवटच्या एपिसोडमध्ये जळत्या इमारतीत हाउसला अँबर दिसते, स्टेसी दिसते, त्याच्या टीममधले कटनर आणि कॅमेरॉन दिसतात. कडी नाही. नटी नव्हती म्हणून पात्र नव्हतं.

दादर_पूर्व_काकू

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी असेन, लेकाने लॅपटॉपवर लावून दिली म्हणून पाहिली.

माझ्या दिरांची ट्रीटमेंट टाटाला चालली होती. परळच्या त्या रस्त्यावर बाहेरगावची माणसं फुटपाथवर पथारी टाकून असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे बसून मला एक गोष्ट दिसली. कुटुंबातली सगळी माणसं पेशंटला "लढ" म्हणत असतात. "बस झालं" म्हणायची मुभा त्याला कुणी देत नाही.

विल्सनला छातीतली गाठ निघते, थायमोमा. जन्मभर दुसऱ्यांना केमो दिलेला माणूस. आधी तो हाउसच्या घरी लपून जबर डोस घेतो, ते मला मुळीच आवडलं नाही, कुठलाही शहाणा डॉक्टर असं करणार नाही. पण मग म्हणतो, आता नको, उरलेत ते पाचेक महिने नीट जगतो. हाउस भांडतो, फसवतो, रडतो, कारण एकटा पडणार असतो. आणि शेवटी ऐकतो. पॅरोल मोडल्यामुळे सहा महिने तुरुंगात जायचंय, म्हणजे विल्सन मरेल तेव्हा हा आत असेल. म्हणून स्वतःच्या मरणाचं नाटक करतो. डॉक्टरकी गेली, नाव गेलं. उरलं काय, मोटरसायकल आणि मरायला टेकलेला मित्र.

परळच्या बाळा, आठ सीझन ज्याला दुसऱ्याच्या दुखण्यापाशी बसता आलं नाही, तो शेवटी बसला. हे त्याला कडीने सोडून शिकवलं असं तू म्हणशील. मला वाटतं विल्सनने सोडलं नाही म्हणून तो शिकला.

परळची_पोर

काकू, तुमच्यापुढे आवाज चढवत नाही. पण बघा, त्या शेवटातही दोघं पळूनच जातात. मागे राहिलेल्या सगळ्यांनी अंत्यविधी केला, भाषणं केली, त्यातल्या बहुतेकांना हाउस मेला असंच वाटतंय. पाच महिन्यांनी विल्सन गेल्यावर हाउसचं काय? नाव नाही, काम नाही, आणि गोळी नको म्हणणारं कुणी नाही. विल्सनने मरतानाही त्याला स्वतःपलीकडे काही ठेवलं नाही. सिस्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, त्या दिवशी उतरला.

शंकासुर

अगं, हाउसच्या घराचा नंबर २२१बी आहे, शेरलॉक होम्सच्या घराचाच. होम्स आणि वॉटसन. मालिका पहिल्या दिवसापासून दोघांचीच होती, कडीला त्या घरात जागाच नव्हती.

परळची_पोर

म्हणून तिच्या घरात गाडी घातली होय.

बोरिवली_स्लो

😂 शंकासुर, मालाड आलं.

अर्धझोप_रेसिडेंट

सकाळी राउंड आहे, मी झोपतो. चेसने चौथ्या ते सहाव्या सीझनमध्ये कॅमेरॉनशी जे केलं त्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा, त्यात मी कुणाचंही ऐकून घेणार नाही.